आधी भारा, मग फोटू

चांगुणे, इकडं ये गो. हातातली भाजी खाली ठेव, गॅस बारीक कर आणि रेश्माच्या शेजारी येऊन बस. ती वाचतेय ते नीट ऐक. मधेच उठून गॅलरीत कपडे काढायला जाऊ नकोस, कपडे कुठं पळून जात नाहीत. संक्रांतीपासून तू माझा फोन घेतलेला नाहीस. मी केला की रेश्मा म्हणते, आजी झोपलीय. सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय, दिवेलागणीलाही झोपलीय. जन्मात कधी दुपारी पाठ टेकली नाहीस, आणि आसनगावच्या फ्लॅटमध्ये जाऊन एवढी झोप कुठून आली तुला? नातीला खोटं बोलायला लावतेस, हे बरं दिसतं का?

म्हणून लिहायला बसले. हे छापून येईल, तेव्हा लोकही वाचतील. वाचू देत. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे. फक्त आपण कोण, कुठल्या, हे त्यांना माहीत नाही, तेव्हा मधे मधे त्यांच्यासाठी थांबून सांगावं लागेल. तेवढं सोसून घे.

तर वाचणाऱ्यांनो, मी मुरबाडच्या बाजारपेठेत राहते. माहेर शहापूरचं, वडील शिंपी. सातवीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन इकडं आले ते फोटो स्टुडिओत. पुढं स्टुडिओ, मागं घर. पुढं पेपरांसाठी फोटो काढायला लागले आणि शहापूर-मुरबाडच्या गावांतून निम्मं आयुष्य त्यातच गेलं. लोक मला फोटोवाली वहिनी म्हणतात. आणि चांगुणा म्हणजे धसईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी जिची भातशेती होती ती. होती म्हणते, कारण आता नाही. तिचा आणि तिच्या राबाचा फोटो मी दर वर्षी काढत आले. त्या फोटोंचं आता मुंबईत प्रदर्शन भरायचं चाललंय, आणि त्यासाठी आणखी एक फोटो काढायचा की नाही यावरून चांगुणा माझ्यावर रुसलीय. सगळी कथा एवढीच आहे.

पण आज कथा सांगायला बसले नाही मी. आज सकाळी गच्चीत गेले होते. होळी तोंडावर आलीय. आमच्याकडं ह्या दिवसांना धड नाव नाही. उन्हाळा म्हणावा तर पहाटे गोधडी लागते, थंडी म्हणावी तर दहा वाजता पत्रा तापतो. काटेसावरीला पान नाही, नुसती लाल फुलं. मोहाचा वास वाऱ्यावर येतो आणि जातो. शेतं कापून उघडी पडलेली, कुठं वालाचा हिरवा तुकडा. चांगुणा ह्याला राबाचे दिवस म्हणायची. गच्चीत उभी राहून मी डोंगराकडं बघितलं. पूर्वी ह्या दिवसांत तिकडं बघितलं की जागोजागी धुराच्या रेषा दिसायच्या, सरळ उभ्या, वर जाऊन एकमेकींत मिसळलेल्या. आज एकच दिसली. तीही कुणी कचरा पेटवला असेल. मी बराच वेळ वास घेत उभी राहिले. प्लास्टिकचा आला.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भाताचं रोप ज्या तुकड्यात तयार करायचं, तो तुकडा आधी भाजून घ्यायचा. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांची तोडून वाळवलेली पाल्याची डहाळी, तिला कवळ म्हणतात, मग पेंढा, गळलेल्या पानांचा पातेरा आणि सगळ्यावर बारीक माती. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. ज्वाळा उठू द्यायची नाही, नुसतं धुमसत राहिलं पाहिजे. तण मरतं, माती भुसभुशीत होते. पुढं पावसाळ्यात तिथं भात पेरायचं. माझे वडील शिंपी, मला ह्यातलं काही कळत नव्हतं. राबणं हा शब्द ह्या राबावरून आला का, असं मी एकदा चांगुणाला विचारलं. ती म्हणाली, ‘शब्द कुठनं आला ता तू बघ. मी कवळ कुठनं आनायचं ता बघतं.’

कॅमेरा मी कुणाकडून शिकले नाही. आमचे हे लग्नांच्या ऑर्डरी घ्यायचे, मी गल्ल्यावर बसायचे आणि पासपोर्ट फोटोवाल्यांना काळा कोट चढवायचे. स्टुडिओत एकच कोट होता, सगळ्या तालुक्यानं तो घातलाय. बारक्या पोराला पाठीमागून चिमटे लावायचे, जाड्या माणसाला पाठ उघडी ठेवायची. फोटोत पाठ दिसत नाही. एक दिवस हे कर्जतला लग्नाला गेलेले, दुसरा कॅमेरा घरात होता. तो भाजीच्या पिशवीत घालून मी माहेरी शहापूरला निघाले. वाटेत मुंबईला पाणी नेणारा मोठा नळ लागतो, माणूस आत उभा राहील एवढा. त्या नळावर बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. टँकरची वाट बघत होत्या. बुडाखालून अख्ख्या मुंबईचं पाणी चाललेलं, आणि ह्या कोरड्या. मी एसटी थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाला, ‘माहेर आलं नाय अजून, वहिनी.’ मी म्हटलं, आलं.

तो फोटो धुवून ह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, ‘बरा आलाय. पण ह्यात नवरानवरी कुठायत?’ तरी कल्याणच्या एका पेपरला पाठवायची कल्पना त्यांचीच. पाकीट एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचं आणि कल्याणच्या स्टँडवर पेपरच्या माणसानं उतरवून घ्यायचं, अशी आमची टपालव्यवस्था. फोटो छापून आला. मग मागणी यायला लागली, आणि मी भाजीची पिशवी घेऊन गावोगाव फिरायला लागले. वर मेथीची जुडी, खाली कॅमेरा. एसटीत बायका विचारायच्या, ‘मेथी कशी घेतली?’ मी सांगायचे, दाखवायची आहे, विकायची नाही.

काय काय बघितलं त्या पिशवीनं. पहिली बाई सरपंच झाली तेव्हा ती खुर्चीवर आणि तिचा नवरा पाठीमागं उभा. मी तिला प्रश्न विचारला की तो उत्तर द्यायचा. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा. तो झाला बाजूला, आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना. म्हसा गावी जनावरांची मोठी जत्रा भरते. त्या म्हशाच्या जत्रेत बैलांच्या रांगा असायच्या, शिंगं रंगवलेली, शेतकरी दात बघून सौदा करायचे. दर वर्षी बैल कमी होत गेले. एका साली बघते तर बैलांच्या जागेत मोटारसायकली लावलेल्या, आणि एक म्हातारा त्यांतल्या एका गाडीच्या सीटवर हात फिरवत होता, जनावराच्या पाठीवर फिरवावा तसा. वीटभट्टीवर पाटी डोक्यावर घेऊन उभी असलेली पोर. पाड्यावरून शाळेला सायकलीवर निघालेल्या मुली, वेण्यांना लाल रिबिनी. त्यातलीच एक पुढं आसनगावहून कंपनीत जायला लागली, गळ्यात ओळखपत्र, तिचाही फोटो माझ्याकडं आहे. मी कुणाचं भलं केलं असं म्हणत नाही. मी हजर होते, एवढंच.

चांगुणा मला अशाच हिंडण्यात भेटली. ह्याच दिवसांत, सकाळच्या वेळी. धसईपासून पायी निघाले होते, धूर दिसला म्हणून आडवाटेनं गेले. एक बाई पदर तोंडाला लावून राबाच्या कडेनं फिरत होती, कुठं ज्वाळा उठली की मातीची मूठ टाकायची. मी कॅमेरा काढला. तिनं बघितलं आणि हात वर केला.

‘ये, थांब. कोन गो तू?’

‘मुरबाडची. फोटो काढते पेपरात.’

‘मी धुरात मरतंय आन तू उभी रावून फोटू काढतीस? तो भारा दिसतोय का? तो आन हितं. आधी भारा, मग फोटू.’

मी भारा उचलला. कवळाचा भारा वाळलेला असला तरी हलका नसतो, आणि मानेत त्याच्या काड्या घुसतात. दोनदा खाली पडला. ती बघत होती, हसली नाही. तिसऱ्यांदा आणला तेव्हा म्हणाली, ‘आता काढ. लवकर काढ, धूर फिरंल.’ त्या दिवसापासून तो आमचा नियम झाला. दर वर्षी मी जायचे, आधी भारा वाहायचे, मग फोटो. पुढं माझी मान दुखायला लागली तेव्हा तिनं भारा लहान केला, पण माफ नाही केला.

तो पहिला फोटो चांगला आला होता. धुरातून येणारं ऊन, पदर तोंडावर, डोळ्यांतून पाणी. पाठीमागं मी लिहिलं, ‘मुरबाड तालुक्यात राब भाजताना शेतकरी महिला’ आणि पाकीट कंडक्टरकडं दिलं. पेपरात बसलेल्या माणसानं राब हा शब्द जन्मात ऐकलेला नव्हता. त्याला वाटलं, माझ्या हातून काहीतरी लिहायचं चुकलंय. धूर दिसतोय, बाई रडतेय. त्यानं फोटोखाली आपल्या मनानं छापलं: ‘वणव्यात शेत खाक, शेतकरी महिलेला अश्रू अनावर.’

मी पेपर बघितला आणि कपाळावर हात मारला. पण तोवर पेपर तालुक्यात पोचला होता. दुसऱ्या दिवशी तलाठी चांगुणाच्या दारात. बिचारा इथलाच, त्याच्या स्वतःच्या घरी राब होता, पण वरून हुकूम आला, पंचनामा करा. त्यानं खाली मान घालून विचारलं, ‘मावशी, काय काय जळालं?’

‘लिवून घ्या भाऊसाहेब,’ चांगुणा म्हणाली, ‘शेण जळालं, पाला जळाला, आन माजी इज्जत जळाली. शेवटची आधी लिवा.’

एवढ्यावर थांबतं तर बरं. पेपर वाचून मुंबईतल्या कुणा दयाळू बायांनी साड्यांचं गाठोडं पाठवून दिलं, पेपराच्या पत्त्यावर. पेपरवाल्यानं ते त्याच कंडक्टरकडून माझ्याकडं पाठवलं. वर चिठ्ठी, आगीत सर्वस्व गमावलेल्या भगिनीस. मी ते गाठोडं घेऊन धसईच्या गाडीत बसले. वाटभर एकच विचार, ही बाई आता मला राबातच भाजणार. चांगुणानं गाठोडं सोडलं, एकेक साडी उजेडात धरून बघितली. गुळगुळीत शहरी साड्या, मोठाली फुलं. आजूबाजूच्या बाया जमल्या. चांगुणानं साड्या वाटल्या आणि एक मोरपंखी रंगाची स्वतःला ठेवली.

‘गो बाय,’ ती मला म्हणाली, ‘फुडच्या साली माजं घर जाळ. वाडीत सगल्यांना साड्या पुरल्या नायत.’

पुढच्या वर्षीच्या फोटोत चांगुणा ती मोरपंखी साडी नेसून राबाच्या कडेला उभी आहे. आगीवाली साडी, असं तिचं नाव. फाटेस्तोवर दर राबाला तीच नेसली. मुंबईहून मृणाल नावाची जी मुलगी प्रदर्शनासाठी आलीय, ती हे फोटो बघताना म्हणाली, ‘शेतात काम करताना इतकी भारी साडी, काहीतरी प्रतीक असेल ना?’ मी म्हटलं, हो बाळा, आहे.

आता मला वाटतं, दर वर्षी मी कशासाठी जात होते? फोटोसाठी म्हणून जायचे खरी. पण एक फोटो काढायला सबंध दिवस कशाला लागतो? राब धुमसायला लागला की आम्ही कडेच्या आंब्याखाली बसायचो. तांदळाची भाकर, सुका जवळा, कैरीची फोड. ती तिच्या जावांच्या गोष्टी सांगायची, मी आमच्या ह्यांच्या. तिचा नवरा लवकर गेला होता, पोरगा भास्कर तेव्हा शाळेत. मूल होत नाही म्हणून मी कुणाजवळ कधी बोलले नव्हते, ते तिच्याजवळ बोलले. ती उठून राबावर मातीची मूठ टाकून आली आणि परत माझ्याजवळ, आधीपेक्षा जवळ, बसली. घरी परतले की माझ्या केसांना, पदराला, पिशवीतल्या मेथीलासुद्धा तो वास असायचा. हे म्हणायचे, ‘आलीस का भाजून?’ दोन दिवस मी डोकं धुवायचे नाही.

बदलाचे फोटो काढणारी, असं माझ्याबद्दल एकदा कुणी भाषणात म्हणालं. मला तेव्हा बरं वाटलं. आता वाटतं, बदलाचा फोटो निघत नाही गो. आधीचा निघतो आणि नंतरचा निघतो. मधलं जे घडतं ते कुणाच्या तरी ओटीवर, चहाच्या कपासमोर घडतं, आणि तिथं उजेड पुरेसा नसतो.

चांगुणाचं शेत तसंच गेलं. कुणी लुबाडलं नाही, कुणी धमकावलं नाही. मोठा रस्ता झाला, मुंबईची माणसं डोंगर बघायला यायला लागली, त्यांना डोंगराच्या पायथ्याशी बंगला हवा झाला. दिरांनी विकायचं ठरवलं. भास्कर तोवर आसनगावहून लोकलनं नोकरीला जायला लागला होता, त्याला रोज गावावरून पहाटे निघणं झेपत नव्हतं. रेश्माची शाळा होती. चांगुणाचे स्वतःचे गुडघे गेले होते. सगळी कारणं खरी. एकही खोटं नाही, म्हणून भांडायला जागा नव्हती.

विक्रीच्या कागदांना फोटो लागतात. पासपोर्ट साइजचे. ती दिरांबरोबर आमच्याच स्टुडिओत आली. मला काही माहीत नव्हतं. दार लोटून आत येताना बघितलं आणि मला आनंद झाला, राबाच्या दिवसांत ही इकडं कशी. मग तिचे दीर म्हणाले, ‘वहिनी, रजिस्ट्रीला फोटू पायजेत.’

कोटाची पद्धत कधीच बंद झालेली. पाठीमागं पांढरा कपडा. दिरांचे काढले, मग तिला स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, पदर कानामागं घे, दोन्ही कान दिसले पाहिजेत. तिनं घेतला. हनुवटी वर. तिनं केली. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा ती म्हणाली, ‘आज भारा नाय वाहिलास तू.’

मी काढला. सवयीचा हात आहे. फोटो अगदी स्वच्छ आला. दोन्ही कान, सरळ नजर. डोळ्यांत पाणी नाही. तिच्या इतक्या वर्षांच्या फोटोंत हा एकच असा आहे ज्यात धूर नाही.

त्या वेळी कुठल्याही पेपरात काही छापून आलं नाही. कुणी पंचनाम्याला आलं नाही. गाठोडंही आलं नाही.

चांगुणे, ऐकतेयस ना? रेश्मा, आजी उठली असेल तर तिला परत बसव.

तुझ्या फ्लॅटवर मी एकदाच आले, तू बोलावलंस म्हणून. दुसरा मजला, जिना चढताना दोघी थांबत थांबत वर गेलो. नळ सोडून तू मला दाखवलास. कितीदा सोडलास आणि बंद केलास. मला खरंच आनंद झाला तुझा. सगळी उमर हंडे वाहिलेली बाई, तिनं नळ दाखवावाच. गॅलरीत रंगाच्या डब्यात तुळस होती. तिथून समोर बिल्डिंग दिसते, तिच्या पलीकडं बिल्डिंग. मी विचारलं, करमतं का गो? तू म्हणालीस, ‘करमतं. लायट जात नाय.’ मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, ‘हितं शेगडी पेटवली व्हती गॅलरीत. खालून चार मानसा आली वर. धूर दिसला त लोक घाबरतात हितं.’

आपण दोघी हसलो. मग तू उठून तुळशीला पाणी घातलंस.

आता ती संक्रांतीची गोष्ट. मृणाल आली, तिनं सगळे फोटो जमिनीवर मांडले. चांगली पोर आहे, चपला बाहेर काढून, मांडी घालून बसते, फोटोच्या कडेला धरते. ती म्हणाली, ‘आजी, मालिका फार सुंदर आहे, पण शेवट नाही. आता ती जागा कशी दिसते? चांगुणा आजींना त्या बंगल्याच्या गेटसमोर उभं करून एक फोटो काढला, तर पूर्ण होईल.’ मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. पण तुला न विचारता नाही कशी म्हणणार? म्हणून फोन केला. आणि तू म्हणालीस, ‘मी काय म्हशाच्या जत्रेतला बैल हाय, उभं करून दाखवायला?’ आणि ठेवून दिलास.

तुझं बरोबर आहे. बंगल्याच्या गेटसमोर तुला मी उभी करणार नाही, मृणालला तसं सांगितलं. मी स्वतः जाऊन आले मात्र. रागावू नकोस. गेट काळं आहे, पहारेकरी नाशिककडचा, त्यानं पाणी दिलं. आपण बसायचो तो आंबा त्यांनी ठेवलाय, खाली सिमेंटचा गोल कट्टा केलाय. राबाच्या तुकड्यावर हिरवळ लावलीय, मऊ गवताची, तिच्यावर पाण्याचे फवारे फिरतात. त्या गवतात एका बाजूला, कुंपणाजवळ, भाताची चार काडं उगवून वाळलेली होती. जुनं बी कुठं तरी राहिलं असेल. पहारेकऱ्यानं विचारलं, हे कसलं गवत? मी सांगितलं. तो म्हणाला, मालक बघतील तर उपटायला लावतील. मी कॅमेरा नेला होता. पिशवीतून काढला नाही.

तर शेवटचा फोटो. मृणालला मी सांगितलं नाही, पण शेवटचा फोटो माझ्याकडं आहे, तो स्टुडिओतला. धुराचे सगळे फोटो एका ओळीत लागले आणि त्यांच्या टोकाला तो पासपोर्ट साइजचा, लहानसा, पांढऱ्या पाठीचा लावला, तर बघणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही. फोटोवाली म्हणून मला हे कळतं. माझं सगळं काम त्या एका फोटोशिवाय अर्धं आहे, हेही कळतं. आणि त्या दिवशी स्टुलावर बसलेली बाई फोटोसाठी बसली नव्हती, कागदासाठी बसली होती, हेही मलाच कळतं. पेपराच्या माणसानं एकदा तुझ्या धुराला रडणं म्हटलं. आता मी तुझ्या कोरड्या डोळ्यांना काय म्हणणार आहे? काही नाव दिलं तरी ते माझंच असेल, तुझं नाही.

मृणालचा दोन-तीनदा फोन येऊन गेला. तिला फोटो छापायला टाकायचेत, पाडव्याच्या आधी सांगा म्हणते. मी म्हटलं, सांगते. माझं वय असं आहे की असं प्रदर्शन पुन्हा कुणी भरवेल असं नाही. हे जाऊनही आता बराच काळ झाला, ह्यात नवरानवरी कुठायत म्हणून विचारायला उरलं नाही कुणी. मला ते प्रदर्शन हवंय, चांगुणे. खोटं कशाला बोलू? सकाळी तोंड धुतानाही त्याचाच विचार असतो. पण तू फोन उचलत नाहीस, आणि प्रदर्शनाच्या भिंतीपेक्षा मला ते जास्त लागलंय. तुझ्या आवाजाशिवाय हे राबाचे दिवस मला ओळखूच येत नाहीत. वारा तोच आहे, मोह तोच आहे, काटेसावर फुललीय. सगळं जागच्या जागी असून घरात कुणी नसावं, तसं वाटतं.

तू हो म्हणालीस तर तो फोटो टोकाला लागेल. नाही म्हणालीस तर टोकाची जागा मोकळी सोडायला सांगेन, नुसती भिंत. लोकांना काय समजायचं ते समजू दे. दोन्हीत माझी तक्रार नाही. पण रेश्माकडून निरोप पाठवू नकोस. तुझा निरोप मी कुणाच्या तोंडून ऐकणार नाही.

रविवारी भास्करला सुट्टी असते, त्याला रिक्षापर्यंत सोडायला सांग. शहापूरच्या स्टँडवरून किन्हवलीच्या बाजूनं येणारी मुरबाडची गाडी घे, खिडकीची जागा धर. सरळगाव गेलं की उतरायची तयारी कर, घाई करू नकोस, गुडघे सांभाळ. मी स्टँडवर येऊन बसेन. पिशवीत मेथी असेल, नुसतीच मेथी. वाल शिजवेन, तांदळाची भाकर टाकेन, मला तुझ्यासारखी पातळ जमत नाही ते तू खाताना बोलून दाखवशीलच. रात्री राहा. मागच्या खोलीतली खाट मी उन्हात घालून ठेवलीय.

ये गो लवकर. नाही म्हणायचं असेल, तरी ये.